‘पूर्ण सहमत’ कुठे गेलं? फोनच्या ‘डिस्प्ले साइज’ची चिकित्सा

पेट झाली, विषय ठरला, सिनॉप्सिस लिहून होत आलाय, आणि डेटा गोळा करायला मोबाइलवरची प्रश्नावली वापरायचा विचार आहे? मग हा लेख तुमच्यासाठी. एरवी मी इथे एखाद्या शोधनिबंधाची किंवा पुस्तकाची चिकित्सा करते. आज फोनच्या सेटिंग्जमधल्या एका पट्टीची करणार आहे. हसू नका. त्या पट्टीने माझ्या पायलटचा एक आठवडा खाल्ला. त्याहून वाईट म्हणजे तिने माझ्या हातात एक छान, छापण्याजोगा आणि साफ चुकीचा निष्कर्ष ठेवला होता.

माझा विषय थोडक्यात असा: साठीच्या पुढची माणसं मोबाइलवरच्या सेवा कशा वापरतात आणि त्यांच्यावर कितपत विश्वास ठेवतात. पायलटसाठी मी पनवेलच बाहेर काढलं. सकाळी वडाळे तलावाच्या कडेला फिरायला येणारे लोक, दुपारी जुन्या पनवेलमधल्या एका वाचनालयात पेपर वाचायला बसणारे. प्रश्नावली मी स्वतःच बनवली होती. प्रत्येक विधानाखाली एका आडव्या ओळीत पाच पर्याय: पूर्ण असहमत, असहमत, सांगता येत नाही, सहमत, पूर्ण सहमत. रेन्सिस लिकर्टने १९३२ साली मांडलेली पद्धत, आपण सगळे डोळे मिटून वापरतो तीच.

बऱ्याच जणांना अक्षरं लहान वाटत होती. मी त्यांच्या परवानगीने फोन हातात घ्यायचे, सेटिंग्जमध्ये जाऊन ‘डिस्प्ले साइज’ची पट्टी उजव्या टोकाला सरकवायचे आणि फोन परत द्यायचे. “आता दिसतंय का?” “हो हो, छान दिसतंय.” मला समाज उपयोगी काम केल्यासारखं वाटायचं.

आठवड्याने तक्ते काढले. ज्येष्ठांमध्ये ‘पूर्ण सहमत’ जवळजवळ नाहीच! ‘पूर्ण असहमत’ मात्र व्यवस्थित येत होतं. मी लगेच वाचायला बसले. वय आणि टोकाची उत्तरं यांच्या संबंधावर लिखाण भरपूर आहे. माझ्या डोक्यात परिच्छेद तयारसुद्धा झाला: वय वाढतं तसा माणूस सकारात्मक टोक टाळतो, अनुभवाने आलेला सावधपणा वगैरे वगैरे. गाईड मॅडमना दाखवायच्या आदल्या दिवशी एका एसटीतून निवृत्त झालेल्या काकांजवळ बसून फॉर्म भरून घेत होते. ते एका विधानावर थांबले.

“अगं, मला हे शंभर टक्के पटतंय. पण तसं म्हणायला जागा कुठाय?”

“काका, शेवटचं बटण दाबा ना.”

“तेच दाबलं की. ‘सहमत’.”

मी फोन बघितला. ओळीत चारच पर्याय होते. पाचवा स्क्रीनच्या बाहेर.

आता हे कसं झालं ते नीट बघू, कारण यातली आकडेमोड तुम्हालाही लागणार आहे. अँड्रॉइड फोनवर मजकुराची मांडणी खऱ्या पिक्सेलमध्ये होत नाही, ‘डीपी’ नावाच्या एका मानीव एककात होते. इंचाला १६० पिक्सेल असतील तर एक डीपी म्हणजे एक पिक्सेल. त्यावरून सूत्र असं: रुंदी डीपीमध्ये हवी असेल तर पिक्सेलला १६० ने गुणा आणि फोनने धरलेल्या डीपीआयने भागा. १०८० पिक्सेल रुंदीचा आणि ४२० डीपीआयचा फोन घेतला, तर त्याची रुंदी सुमारे ४११ डीपी भरते. ‘डिस्प्ले साइज’ वाढवली की काच तेवढीच राहते, पिक्सेल तेवढेच राहतात, फोन फक्त स्वतःशी खोटं बोलतो: माझी घनता ४२० नाही, ५४० आहे. मग रुंदी उरते ३२० डीपी. प्रत्येक गोष्ट मोठी दिसते, कारण फोनच्या लेखी कागद अरुंद झालेला असतो.

माझ्या फॉर्ममध्ये डावीकडे १६ एककांची मोकळी जागा आणि प्रत्येकी ७५ एककांचे पाच रकाने होते. बेरीज ३९१. म्हणजे ४११ मध्ये आरामात बसतात. ३२० मध्ये काय होतं? चौथा रकाना ३१६ वर संपतो. उरलेल्या चार एककांत फक्त पाचव्या रकान्याची कोरी कड. एखादं अक्षर अर्धवट कापलेलं दिसलं असतं तरी माणसाला शंका आली असती. इथे सगळं नीटनेटकं, चार पर्यायांचा फॉर्म असावा तसं. आणि बोट लावल्यावर पान आडवं हलतं म्हणून मी स्वतःच आडवं सरकणं बंद करून ठेवलं होतं. त्यामुळे बाहेर गेलेला पर्याय शोधायची वाटही नव्हती. दोष फोनचा नाही, माझा.

पण या गोष्टीची कल्पना मला असायला हवी होती. मिक कूपर, रॉजर टुरँगो, फ्रेडरिक कॉनराड आणि स्कॉट क्रॉफर्ड यांचा २००४ सालचा एक निबंध आहे, वेब-सर्वेक्षणातल्या उत्तरांच्या पर्यायांवर. त्याचं म्हणणं साधं: सरकवल्याशिवाय जे पर्याय डोळ्यासमोर येतात, ते जास्त निवडले जातात. मी हा निबंध वाचला होता. माझ्या संदर्भसूचीत होता! पण त्यात चर्चा संगणकाच्या पडद्याची, म्हणून मी तो ‘वेब-सर्वेक्षण’ या कप्प्यात टाकून मोकळी झाले. वाचलेलं आपल्या हातातल्या साधनाला लावून बघायचं असतं, हे कोर्सवर्कमध्ये सांगितलेलं असतं. असो.

आता पट्टीकडे वळते.

माझी पहिली तक्रार तिच्या नावाबद्दल. मराठी सेटिंग्जमध्ये ‘आकार’ हा शब्द दोन्हीकडे दिसतो, डिस्प्लेचा आकार आणि फॉन्टचा आकार. मराठीत आकार म्हणजे घडणही आणि मोठेपणाही. आणि डिस्प्लेचा तर यातला कुठलाच बदलत नाही. बदलते ती मांडणीला मिळणारी जागा. दोन्ही पट्ट्या शेजारी-शेजारी असल्यामुळे माणसाला वाटतं, दोन्ही एकच काम करतात, एक जरा जोरात आणि एक जरा हळू. खरं तर फॉन्टची पट्टी कागद तेवढाच ठेवून अक्षर वाढवते; डिस्प्लेची पट्टी अक्षर, बटण, चित्र, मोकळी जागा, सगळंच वाढवते आणि त्याची किंमत कागद अरुंद करून वसूल करते. ‘मला जागा कमी मिळाली तरी चालेल’ असा करार तुम्ही करत असता, आणि पट्टीवर तो कुठे लिहिलेला नसतो.

दुसरी तक्रार नमुन्याबद्दल. पट्टीच्या वर एक छोटं चित्र असतं, बदल कसा दिसेल ते दाखवणारं. मूळ अँड्रॉइडमध्ये अक्षरांच्या नमुन्यासाठी ‘ओझ’च्या जादूगाराच्या गोष्टीतला एक उतारा ठेवला होता, आणि डिस्प्लेच्या नमुन्यासाठी कॉफीला भेटायचं ठरवणाऱ्या दोघांचा चॅट. (फोन बनवणाऱ्या कंपन्या आपापला नमुना टाकतात, तुमच्याकडे वेगळा असेल.) गोष्टीचा उतारा आणि चॅट ही दोन्ही अशी लिखाणं आहेत, जी कितीही अरुंद कागदावर मोडत नाहीत. ओळ संपली की शब्द खाली येतो, बस्स. मोडतात ते तक्ते, फॉर्म, रेल्वेचं वेळापत्रक, पैसे पाठवायची खिडकी. म्हणजे पट्टी स्वतःची परीक्षा सगळ्यात सोप्या पेपरवर घेते आणि पास होते. संशोधनात आपण याला काय म्हणतो ते तुम्हाला माहीत आहे.

एक गोष्ट मात्र पट्टीच्या बाजूने सांगायला हवी. अँड्रॉइड ७ मध्ये, २०१६ साली, ही पट्टी सगळ्यांना मिळाली तेव्हा तिला तळ ठेवला होता: रुंदी ३२० डीपीच्या खाली जाऊ द्यायची नाही. हा आकडा लक्षात ठेवा. वेबसाठीचे जे आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकष आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यांच्या २०१८ च्या २.१ आवृत्तीतही हाच आकडा आहे: ३२० एककांच्या रुंदीवर पान आडवं न सरकवता वापरता आलं पाहिजे. शिवाय अक्षर २०० टक्के केलं तरी मजकूर किंवा काम गमावता कामा नये, असा आणखी एक निकष. म्हणजे ३२० वर माझा फॉर्म तपासणं ही काही विशेष हुशारीची गोष्ट नव्हती. ते किमान होतं.

या पट्टीला वळसा घालण्याचे उपाय इंटरनेटवर खच्चून भरलेत. ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारा, ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ उघडतील, तिथे ‘स्मॉलेस्ट विड्थ’मध्ये वेगळा आकडा टाका. किंवा फोन संगणकाला जोडून ‘डब्ल्यूएम डेन्सिटी’ची आज्ञा द्या. या सल्ल्यांवर माझा आक्षेप ते चुकीचे आहेत म्हणून नाही. आकडा टाकला की काम होतं. आक्षेप असा, की मूळ आकडा आधी लिहून ठेवा, हे सांगणारे फार थोडे. रुंदी ६०० टाकली (१०८० पिक्सेलच्या फोनवर म्हणजे २८८ डीपीआय), तर बरीच ॲप्स स्वतःला टॅबलेटवर समजून वेगळीच मांडणी दाखवतात, कारण ६०० हा टॅबलेटचा ठरलेला उंबरठा आहे. उलट रुंदी फार कमी केली तर बटणं इतकी फुगतात की परत सेटिंग्जपर्यंत पोचायची वाटच पडद्याबाहेर जाऊ शकते. संगणकावरून केलं असेल तर तीच आज्ञा पुढे ‘रीसेट’ जोडून दिली की फोन मूळ पदावर येतो. पण त्यासाठी ‘यूएसबी डीबगिंग’ आधीच चालू असावं लागतं. तुमच्या स्वतःच्या जुन्या फोनवर खुशाल करून बघा, शिकायला मजा येते. उत्तरदात्याच्या फोनवर? अजिबात नाही.

आता माझी खरी तक्रार, जी फक्त आपल्या लिपीची आहे. फॉन्टची पट्टी वाढवल्यावर इंग्रजी अक्षर रुंदीत त्रास देतं. देवनागरी उंचीतही देते. १९६१ साली डेक्कन कॉलेजमधून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एस. व्ही. भागवतांनी देवनागरी अक्षराच्या आडव्या रेषांना नावं दिली होती: सगळ्यात वर रफाराची, मग मात्रेची, मग शिरोरेषा, आणि पार तळाला रुकाराची. आयआयटी मुंबईच्या गिरीश दळवींनी देवनागरी अक्षराच्या अंगरचनेवर लिहिताना हा धागा पुढे नेला. टायपोग्राफी तुमचा विषय नसेल तरी हे वाचा, कारण ‘मूर्ती’ हा एक शब्द वरपासून खालपर्यंत किती मजले घेतो ते त्यावरून कळतं. खाली दीर्घ ऊकार, वर रफार आणि वेलांटी एकमेकांना खेटून.

आता कल्पना करा, कुणीतरी बटणाची उंची कायमची ठरवून ठेवली आहे आणि ती ठरवताना समोर इंग्रजी शब्द होता. अक्षर मोठं केलं की वरचा किंवा खालचा मजला छाटला जातो. अनुस्वार गेला की ‘घरं’चं ‘घर’ होतं, ‘आंबा’चा ‘आबा’. ऊकार गेला की... माझ्या फॉर्ममध्ये ‘तुम्हाला मुलं किती’ असा प्रश्न होता. खालून छाटल्यावर तो काय विचारतो हे तुम्हीच वाचून बघा. हा प्रश्न वाचनालयात मोठ्याने वाचला गेला आणि पाच मिनिटं कामकाज तहकूब झालं.

हे फक्त ॲप बनवणाऱ्यांच्या आळसामुळे होतं असं नाही. नोटो सॅन्स देवनागरी या फॉन्टची ‘यूआय’ नावाची एक वेगळी आवृत्तीच आहे, उभ्या जागेत आवळून बसवलेली, जेणेकरून लॅटिनसाठी आखलेल्या खिडक्यांत ती मावावी. तडजोड समजू शकते, पण दिशा बघा: खिडकी बदलायची नाही, अक्षराने अंग चोरायचं. आपल्याकडे उलट दिशेने विचार करणारी माणसं होती. र. कृ. जोशींनी (१९३६–२००८) ‘मंगल’ हा फॉन्ट पडद्यासाठी आखला, तो विंडोज २००० बरोबर घरोघरी गेला. ते ज्या एनसीएसटी संस्थेत हे काम करत होते ती पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली, आणि त्या सी-डॅकचं एक आवार आपल्या पनवेलहून तिसऱ्या स्टेशनवर, खारघरला आहे. ‘मंगल’ दिसायला बोजड म्हणून आपण नावं ठेवतो. (मीही ठेवली आहेत.) फुगवलेल्या पडद्यावर छाटलेली वेलांटी बघितल्यापासून जरा कमी ठेवते.

अँड्रॉइड १४ ने, २०२३ साली, एक चांगली सुधारणा केली. अक्षर २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतं, पण सगळं एका प्रमाणात नाही: आधीच मोठी असलेली अक्षरं कमी वाढतात, लहान जास्त. मथळ्याने पडदा व्यापून टाकू नये म्हणून. कल्पना योग्य आहे. फक्त तिच्यात लहान म्हणजे लहान टायपातला शब्द, अक्षराच्या आतला लहान भाग नाही. मराठी वाचणाऱ्या साठीतल्या माणसाला शब्द दिसत असतो. त्याला दिसत नसतो तो अनुस्वार.

मग सुरक्षितपणे करायचं कसं? घरातल्या कुणासाठी करत असाल तर आधी चालू स्थितीचा फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा, दोन्ही पट्ट्यांचा. आधी फॉन्टची पट्टी एक पायरी, मग जमलं तर ठळक अक्षरांचा पर्याय, आणि तेवढ्याने भागलं नाही तरच डिस्प्लेची पट्टी, तीही एकेक पायरी. टोकाला एकदम नको. प्रत्येक पायरीनंतर चॅट उघडून ‘छान दिसतंय’ म्हणू नका. फोन लावायची खिडकी, कीबोर्ड, ओटीपीचा मेसेज आणि पैसे पाठवायची खिडकी उघडून बघा. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. समोरच्याचं नाव तीन टिंबांत संपत असेल किंवा रक्कम पूर्ण दिसत नसेल तर ती पायरी मागे घ्या, अक्षर कितीही सुंदर दिसत असलं तरी. आयफोनवर नावं वेगळी, ‘डिस्प्ले झूम’ आणि ‘टेक्स्ट साइज’, पण भेद हाच. अर्धवट भरलेला फॉर्म उघडा असताना तर कुठलीच पट्टी हलवू नका. घनता बदलली की फोन उघड्या ॲपची मांडणी नव्याने करतो, आणि ॲपने नीट जपून ठेवलं नसेल तर भरलेलं सगळं जातं.

संशोधनासाठी फोन हाताळत असाल तर माझं मत वेगळं आहे: कुठलीच पट्टी हलवू नका. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत ‘मॅग्निफिकेशन’ किंवा ‘झूम’ आहे, भिंगासारखं. चालू केलं की पडद्याचा भाग मोठा दिसतो, पण खालची मांडणी जशीच्या तशी राहते. बोटाने सरकवत वाचावं लागतं, त्याला वेळ जातो, काही जण कंटाळतात. पण पाच पर्याय पाचच राहतात. माझ्या पायलटमध्ये मी ‘मदत’ केलेल्यांनी एक प्रश्नावली भरली आणि मदत न लागलेल्यांनी दुसरी, आणि मी दोघांची तुलना ‘वय’ या नावाखाली करत होते.

म्हणून साधनांच्या प्रकरणात आता मी प्रत्येक उत्तराबरोबर पडद्याची रुंदी नोंदवते. ब्राउझर ती स्वतः सांगतो, उत्तरदात्याला काही विचारावं लागत नाही; पण असं नोंदवतो आहोत हे संमतीपत्रात लिहा. फॉन्टची पायरी मात्र विचारून टिपावी लागते. ‘प्रश्नावली मोबाइलवर भरून घेतली’ एवढंच वाक्य असलेला प्रबंध यापुढे वाचाल तेव्हा विचारा: किती रुंदीच्या? ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्या निकालावर आता प्रबंध लिहिले जातील, ज्येष्ठ आणि अपंग व्यक्तींकडून फॉर्म भरून घेतले जातील. ते फॉर्म ३२० वर उघडतात का, हे कुणीतरी आधी बघायला हवं.

मॅडमना मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, “आठवड्याचा डेटा फेकू नकोस, वेगळ्या फाइलमध्ये ठेव. रुंदी नोंदवली नव्हती, एवढं तिच्या नावातच लिही.” फाइल तशी ठेवली आहे. नव्या फॉर्ममध्ये पर्याय एकाखाली एक आहेत, प्रत्येकाला पूर्ण ओळ, उंची अक्षराबरोबर वाढणारी. तरी एक नवी अडचण आलीच: उभ्या यादीत पहिला पर्याय जास्त निवडला जातो की काय, याची शंका. त्यासाठी निम्म्या लोकांना यादी उलटी दाखवते आहे.

एसटीतल्या काकांनी परवा नवा फॉर्म भरला. त्या विधानापाशी आल्यावर त्यांनी मला हाक मारून दाखवलं, मगच बटण दाबलं.